वारं नव्हे, वार

मी जन्मलो तेव्हा मुळशी धरणाला लाटा आल्या होत्या. निदान मी तरी असंच सांगत आलोय. सातव्याच महिन्यात आईला असं वारं शिरलं की तिच्या हिसक्यांनी पार भुकूम गावापर्यंत भांडी पडली, धरायला आलेले पैलवान भातखाचरात जाऊन आदळले, आणि मी एवढा बारका निघालो की सुईणीने खेकडा समजून टोपलीत टाकला.

बायकोला तिसरा महिना लागल्यावर हीच गोष्ट मी दवाखान्यात सांगितली. बायको नागपूरकडची, हिंजवडीत नोकरीला, आणि पहिलटकरीण. "घरात कुणाला बीपी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आमच्याकडे नाही, बायको म्हणाली. आमच्याकडे बीपीच आईला घाबरतं, असं म्हणून मी लाटा, पैलवान, खेकडा सगळं ऐकवलं. बाई हसत होत्या. हसता हसता थांबल्या आणि शेजारी बसलेल्या आईकडे वळल्या.

"काकू, यातलं खरं किती?"

"लाटा न्हाई आल्या," आई म्हणाली. "पाय सुजल्यालं, डोकं लई ठणकत व्हतं, डोळ्यांम्होरं काजवं. मग वारं शिरलं. शुद्धीवर आले तवा ह्ये कापसात गुंडाळल्यालं."

"वारं नव्हतं, काकू. वार."

मग बाईंनी समजावलं. बाळाला पोसणारी वार आईच्या पोटात रुजते, पण ती असते बाळाची. म्हणजे निम्मी बापाकडून आलेली. काही घराण्यांत रक्तातूनच असं काही उतरतं की तिची मुळं खोल जात नाहीत. मग आईचा रक्तदाब चढतो, मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांवर ताण येतो, आणि शेवटी झटके. पहिली खेप ही एक जोखीम, सासूला झालेलं ही दुसरी.

बाप म्हणजे बाहेर बाकड्यावर बसून चहा पिणारा माणूस, अशी माझी समजूत. आणि इथे माझ्या जन्माचा प्रताप माझ्या आधीच बायकोच्या पोटात जाऊन मुळं धरत होता. एवढी मोठी थाप मलाही कधी सुचली नसती.

"होईलच असं नाही," बाई म्हणाल्या. रोज एक छोटी गोळी दिली आणि घरी बीपी मोजायला सांगितलं. मोजायचं काम आईने घेतलं. सुनेच्या दंडाला पट्टा बांधायची आणि यंत्राकडे असं रोखून बघायची की आकडा वर जायची हिंमत करत नसे.

आठव्या महिन्यात एका रविवारी दुपारी आकड्याने ती हिंमत केली. बायको कपाळ दाबत म्हणाली, "डोळ्यांपुढे चमकतंय." आईने पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला.

"गाडी काढ. झटका यायच्या आत."

पौड रस्त्यावर सहलीची गर्दी. मी हॉर्न असा दाबून धरला की म्हशीसुद्धा डाव्या बाजूने चालू लागल्या. मोठ्या दवाखान्यात आधी झटके रोखायचं इंजेक्शन दिलं, मग ऑपरेशन. झटका आला नाही. मुलगी झाली, माझ्या दोन तळहातांवर मावेल एवढी. या मापात मात्र मी काडीची भर घातलेली नाही.

बाळंतपण झालं तरी धोका लगेच सरत नाही, म्हणून बायकोच्या दंडाला पट्टा तसाच होता. बघायला आलेल्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरगी मोठी होऊन तिला दिवस गेले, की हे तिच्या डॉक्टरांना कळलं पाहिजे."

मी घसा साफ केला.

"तू नाही," बायको डोळे मिटूनच म्हणाली. "तिला मी सांगेन."