चार बोल्टांची चमक

गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करी आणि लेथवाल्या काकूंच्या कपाळावर आठ्या चढत. बावीस वर्षं मोटरसायकलींचे सुटे भाग घडवूनही त्यांचा पहिला प्रश्न बदलला नव्हता, "हे बसणार कुठे?" आणि समोरच्याचं उत्तरही बदललं नव्हतं, "काकू, मस्त चमकलं पाहिजे."

टेबलावर त्यांनी एकच ब्रॅकेट नऊ तऱ्हांनी करून मांडलं होतं. अॅल्युमिनियमचं, स्टेनलेसचं, साध्या पोलादाचं. कुठलं घासून मंद केलेलं, कुठलं आरशासारखं, एक काळ्या पावडर कोटिंगचं. चिखल उडतो तिथे स्टेनलेस घ्या, बेअरिंग बसतं तिथे कोटिंग नको, जाडी वाढून अडकेल, असं त्या घसा कोरडा होईस्तोवर सांगत. लोक मान डोलावत आणि आरशासारखंच उचलत.

परक्यांचं एक ठीक होतं. पण पोटची पोर?

लेकीच्या मोटरसायकलचे भाग काकूंनी स्वतः केले होते. रविवारी ती मैत्रिणींबरोबर डोंगरातल्या रस्त्याने जाणार होती. शनिवारी दुपारी काकू पुढच्या चाकाशी वाकल्या आणि थबकल्याच. ब्रेक जागेवर धरून ठेवणारे चार काळे बोल्ट लखलखत होते.

"हे काय?"

"क्रोम करून आणले. काळे किडक्या दातांसारखे दिसत होते."

"मला विचारलंस?"

"तू हो म्हणाली असतीस?"

काकूंनी तिथूनच क्रोमवाल्याला फोन लावला. "भाऊ, क्रोमच्या टाकीतून काढल्यावर बोल्ट भट्टीत ठेवले होते ना?"

"भट्टीत? अहो काकू, बोल्ट आहेत ते, पाव नव्हेत!"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. असल्या कडक पोलादात क्रोमच्या टाकीत हायड्रोजन शिरतो. लगेच तास न् तास भाजून तो घालवला नाही, तर बोल्ट ठिसूळ होऊ शकतो. आज घट्ट बसतो आणि उद्या-परवा कधीतरी न सांगता मान टाकतो.

"धडधाकट तर दिसतायत," लेक म्हणाली.

"दिसण्याचं काय घेऊन बसलीस!" काकूंनी चारही बोल्ट काढले आणि त्यातला एक पोलादी ठोकळ्यात पुरेपूर आवळला. "दोन दिवस राहू दे असाच. तुटला तर माझं खरं."

"आणि नाही तुटला तर?"

"तर लाव खुशाल," काकू रागाच्या भरात बोलून गेल्या.

रविवार हुकला. काळे बोल्ट लावून जायला लेक तयार नव्हती, ती फुगून बसली. काकू उठता-बसता ठोकळ्याकडे बघत. आपण आवळलेला बोल्ट तुटावा, अशी आस त्यांना जन्मात पहिल्यांदाच लागली होती. सोमवारी संध्याकाळी बोल्ट जसाच्या तसा.

"हरलीस."

"हरले. घे." शब्द दिला होता. काकूंनी ठोकळ्यातला बोल्ट सोडवला आणि चारही पुढे सरकवले.

लेकीने ठोकळ्यातला बोल्ट चाकावर बसवला, दुसरा हातात घेतला आणि थांबली. "आई, हे तीन तपासलेस?"

"नाही."

"मग हे तुटणार नाहीत कशावरून?"

"तेच तर शनिवारपासून बोंबलतेय मी!"

लेकीने बसवलेला बोल्टही काढला. काकूंनी खणातून नवे काळे चार दिले.

"दिसणार मात्र घाण," ती पुटपुटली.

काकूंनी अॅल्युमिनियमचा तुकडा लेथवर चढवला आणि बोल्टांच्या डोक्यांवर बसणाऱ्या चार पातळ टोप्या कातून काढल्या. त्यांच्यावर भार कसलाच येणार नव्हता. घासून आरशासारख्या केल्या. लेकीचा चेहरा खुलला.

"निघण्याआधी टोप्या काढून बोल्ट बघायचे. दर वेळी."

"दर वेळी?"

"दर वेळी!"

"बरं. आई, या लाल करून मिळतील?"

काकूंनी लेथ बंद केला, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला.

"कुठला लाल?"