मामांच्या शेतातला वळणरस्ता

वीस वर्षांनंतरच्या गावात आधीच राहायला गेलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. वडवणीच्या अलीकडे त्यांची चार एकर जमीन. आम्हाला तिथं कापूस दिसायचा, मामांना बसस्टँड दिसायचं. जेवायला बसले की भाकरी म्हणजे गाव, ठेचा म्हणजे बाजारपेठ, आणि वस्ती कुठवर पसरेल याचा नेम नाही म्हणून ताटाची एक बाजू कायम मोकळी. विमानतळाची आवई उठली तेव्हा त्यांनी कडब्याची गंजी बुटकी केली. "इमानाला आडवं नगं यायला," म्हणाले. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या डोस्क्यात लई वस्ती झालीया, माझ्यापुरती जागा ऱ्हायली न्हाई."

मी नगररचना खात्यात आरेखक. गावं कशी वाढतील हे कुणालाच ठाऊक नसतं. त्या वाढीला आम्ही रंग देतो. घरांना पिवळा, शेतीला हिरवा. मामांच्या गावाच्या कच्च्या आराखड्यात वळणरस्ता, म्हणजे बायपास, त्यांच्याच शेतातून जात होता. असलं बाहेर सांगायचं नसतं. एका साखरपुड्यात, चारचौघांत भाव मिळावा म्हणून, मी सांगितलं.

आठवड्याभरात मामांनी शेतात चुन्याची फक्की मारून रस्ता आखला. पेरणी दोन्ही अंगांना, मधला पट्टा मोकळा. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीला त्यांनी दटावलं, "डाव्या अंगानं चाल की बये!"

"कावून? मोटार कुटं हाय?"

"येईल तवा सवय नगं का?"

आम्ही पोट धरधरून हसलो. मग मामांनी विहीर बुजवली. ती रस्त्यात येत होती. तेव्हाही मी हसलोच.

आराखडा जाहीर झाला तेव्हा रस्ता ओढ्यापलीकडे सरकलेला होता. कुणाच्या शब्दावर, ते मी विचारलं नाही. रेघ मीच सरकवली, मामांच्या चार एकरांवर हिरवा रंगही मीच भरला. हरकती घ्यायला तीस दिवस होते. मामांचा फोन आला, "अर्ज देऊ का, जावईबापू?" अर्ज आला की विहीर का बुजवली ते आलं, आणि त्यामागोमाग माझं नाव. "नको, मी बघतो," म्हणालो. बघितलं काहीच नाही.

यंदा दिवाळीनंतर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मामा भावकीच्या बोअरवरून आणलेला पाईप जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय मला. शेवटच्या दिशी अर्ज घिऊन आलतो तुमच्या हापिसात. तुमी खिडकीतनं दिसला, काम्पुटरवर वाकून बसला हुता. म्हणलं, भाचीचा संसार हाय. आन् म्हागं फिरलो."

त्यांनी पाईपचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा नीट, निसटतंय."

पाणी लांबून यायचं होतं. मी ते कोरडं टोक दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.