झडतीआप्पा आणि नवे कागद

कापडाच्या कारखान्याच्या फाटकावर ज्याने उभं आयुष्य काढलं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? झडतीआप्पा. पाळी सुटली की कामगार रांगेने यायचे, हात वर करायचे आणि आप्पा त्यांच्या खिशांवरून, कमरेवरून, डब्याच्या पिशव्यांमधून हात फिरवायचे. पोटाला कापडाचा तुकडा गुंडाळून नेणारे महाभाग कमी नव्हते. माणूस चालताना कुठे अवघडतो, एवढ्यावरून आप्पा चोर ओळखायचे. त्यांची मुलगी शाळेतून येताना त्यांचा डबा घेऊन फाटकावर यायची, तर तिचीही पिशवी उघडून बघायचे. घरच्यांना सूट आहे असं कुणी म्हणायला नको. ती पोर हात वर करून हसत उभी राहायची. तिला तो खेळच वाटे.

निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, सवय काही सुटली नाही. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या गोळ्यांपर्यंत आप्पांना सगळीकडे काळंबेरं दिसायचं. आणि जावई तर घरातच होता, आयता. तो फ्रीज दुरुस्त करायचा. अबोल माणूस, मान खाली घालून काम करणारा. आप्पांची बायको गेली, आप्पा एकटे पडले, म्हणून शाळेत शिकवणारी मुलगी आणि जावई त्यांच्या घरी राहायला आले. तेव्हापासून आप्पांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा माणूस इतका गोड वागतो, त्याअर्थी याचा घरावर डोळा आहे.

घर तसं बेताचंच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, आणि अंगणात बायकोने हौसेने उभं केलेलं प्लॅस्टिकचं घर. पाइपांच्या कमानी, त्यांच्यावर ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा कागद, आत टोमॅटो, मिरच्या आणि मोठ्या कुंडीत लिंबाचं झाड. डोंगरातल्या त्या थंड गावात बाहेर बर्फ असला तरी ती आत बसून हिरवी पानं खुडायची. कुठे फाटलं की दुधाच्या पिशव्या कापून ठिगळं लावायची. ती गेल्यावर तो सगळा पसारा पिवळा पडला, शेवाळला, आणि गेल्या हिवाळ्यात निम्मी रोपं गारठून मेली. तेव्हा मुलीने दुरुस्तीचा विषय काढला होता. आप्पांनी तो जागच्या जागी मिटवला.

"तिच्या हातचं आहे ते. कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

यंदा थंडी लवकर आली. एका सकाळी आप्पा न्हाणीघरात दाढी करत होते आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात जावई मुलीशी कुजबुजत होता. मोठ्याने बोललेलं आप्पांना हल्ली नीट ऐकू यायचं नाही. कुजबुजलेलं मात्र बरोबर यायचं.

"जुने कागद काही कामाचे राहिले नाहीत," जावई म्हणत होता. "आता नवेच घेऊ."

"आणि आप्पांना कळलं तर?"

"म्हणून तर ते घरात नसताना करायचं. मोजणी करून ठेवलीय मी. फक्त दोन माणसं लागतील. रविवारी ऊन आहे तोवर उरकून टाकू."

आप्पांचा वस्तरा गालावरच थांबला. कागद. मोजणी. दोन माणसं. आता दोन माणसं साक्षीला नाही तर कशाला लागतात? घर नावावर करून घ्यायचा घाट घातला होता तर. जावयाचं एक वेळ सोडा, तो परक्याचा पोर. पण पोटची मुलगी त्यात सामील होती. आप्पांना कापलेलं कळलंसुद्धा नाही. साबणात लाल धार उतरली तेव्हा कळलं.

त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ट्रंकेच्या तळातून घराचे कागद काढले, जाड लिफाफ्यात घातले आणि लिफाफा बंडीच्या आतल्या खिशात सरकवला. झोपतानाही बंडी अंगावरच. त्यामुळे चालताना ते जरा अवघडत होते. हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी पाळत ठेवली. जावई एका संध्याकाळी जुन्या फ्रीजच्या दारांची काळी रबरं खांद्यावर टाकून आला आणि जिन्याखाली लपवू लागला.

"जावईबापू, हे काय आणलंत?"

जावई दचकला. "काही नाही. एका दाराला लावायचंय."

"कुठल्या दाराला?"

"आहे एक दार," असं पुटपुटून तो सटकला. म्हणजे आता दारं बदलायची, कुलपं बदलायची, आणि म्हाताऱ्याला बाहेर काढायचं. आप्पांना जेवण गोड लागेना.

एकदा मुलगी आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी तिची पर्स उघडली. हजारो लोकांच्या पिशव्या पाहिल्या होत्या, पण अशी चोरून एकही नाही. आत कंगवा, खोकल्याच्या गोळ्या आणि मोजपट्टी. शिक्षिकेच्या पर्समध्ये मोजपट्टी कशाला? त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं, पण न्हाणीघराची कडी वाजली आणि घाईत पर्सची चेन लावायची राहून गेली.

रविवारी मुलगी अगदी लाडात येऊन म्हणाली, "आप्पा, आत्या कधीची बोलावतेय. आज जाऊन या ना. जेवूनच या."

"जातो की," आप्पा म्हणाले. आणि मनात म्हणाले, पोरी, मीही तुझाच बाप आहे.

ते बसमध्ये बसले, पुढच्याच थांब्यावर उतरले आणि मागच्या गल्लीने परत फिरले. अंगणाच्या भिंतीवरून डोकावले. बायकोचं प्लॅस्टिकचं घर उघडं पडलं होतं. नुसत्या कमानी उभ्या. जावई आणि दोन अनोळखी माणसं तिथे वावरत होती. मागचं दार ढकलून आप्पा आत घुसले.

"घराचे कागद माझ्यापाशी आहेत," ते ओरडले. "मी जिवंत असेपर्यंत कुणाच्या बापाला मिळायचे नाहीत."

सगळे जागच्या जागी थांबले. दोन्ही माणसं जावयाच्या दुकानातली होती. त्यांच्या हातात चकचकीत नवं प्लॅस्टिक होतं, निम्मं उलगडलेलं.

"कुठले कागद, आप्पा?" जावयाने विचारलं. "हे कागद बदलतोय आम्ही. उन्हात सैल होतात, तेव्हाच ताणून बसवावे लागतात. चारी टोकं धरायला माणसं लागतात."

त्याने कमानींच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. जुना पिवळा कागद घासूनपुसून आत लावायला सुरुवात केली होती. दुधाच्या पिशव्यांची ठिगळं तशीच होती, एकही काढलं नव्हतं. "आईंचा कागद आत, नवा बाहेर. मध्ये हवा राहिली की थंडी आत शिरत नाही. दाराला फ्रीजचं रबर लावणार होतो. तुमच्यासमोर जुना काढला असता तर तुम्हाला सोसलं नसतं, म्हणून..."

तो एवढं सलग कधी बोलला नव्हता.

मुलगी आप्पांजवळ आली. ते थरथरत होते म्हणून तिने त्यांना धरलं, तर छातीपाशी काहीतरी कुरकुरलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांनी काय करावं? त्यांनी हळूहळू दोन्ही हात वर केले, फाटकावर कामगार करायचे तसे.

तिने बंडीत हात घालून लिफाफा काढला. घामाने दमट झाला होता. वरची अक्षरं वाचली आणि तिला सगळं कळलं: आठवडाभराचं ते अवघडून चालणं, उघडी राहिलेली चेन, सगळंच. ती भांडली असती, रडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं. तिने लिफाफा परत खिशात ठेवला आणि बंडीची बटणं एकेक करून लावली.

"थंडी आहे," ती म्हणाली. "आतच असू द्या."

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, हे टोक धरता का?" जावयाने विचारलं. आप्पांनी धरलं. ऊन उतरायच्या आत नवा कागद बसला, कडा मातीत पुरल्या, त्यांवर विटा ठेवल्या. दार लागलं तेव्हा फ्रीजच्या दारासारखा मऊ आवाज आला. त्या दिवशी आप्पांशी कुणीही वावगं बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

दुसऱ्या सकाळी बाहेरच्या कागदावर बर्फाची साय धरली होती. आप्पा दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. मुलगी शाळेला निघाली, चपला घातल्या, आणि त्यांच्यासमोर थांबली. तिने पर्स उघडली आणि त्यांच्या पुढ्यात धरली. चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणचं हसूही नव्हतं.

आप्पांनी आत पाहिलं नाही. हात पुढे केला, चेन शेवटपर्यंत ओढून लावली आणि पर्स तिच्या हातात दिली.

"जा, उशीर होईल तुला," ते म्हणाले.

ती गेली. वळणापाशी तिने मागे वळून पाहिलं का, ते आप्पांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसलं नाही.