अकरा नंबरची खोली

तिसऱ्या घंटेआधी नट जशी आपली वाक्यं पुटपुटतो, तसा अर्नेस्टीन डुप्लांतिएबाई त्या सकाळी न्यू ऑर्लिन्सच्या बसमध्येच धडा पुटपुटत होत्या. मांडीवर कागदात गुंडाळलेला हातभर लांब ब्रेड होता. अपूर्णांक शिकवायला.

बावीस वर्षं त्यांनी अकरा नंबरच्या खोलीत तिसरीचा वर्ग सांभाळला. मग शाळा बंद झाली, आणि बाई हॉटेलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालू लागल्या. त्याच इमारतीत पुढे चार्टर शाळा आली, म्हणजे सरकारी पैशावर खासगी संस्थेनं चालवलेली; 'वस्तीची शाळा' म्हणून दारावर पाटीही लागली. बाईंनी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. हा तिसरा, आणि या वेळी नमुना धडा घ्यायला बोलावलं होतं. ऑगस्टअखेर त्यांचा शिक्षकाचा परवाना संपत होता आणि कुठल्या तरी शाळेनं घेतल्याशिवाय तो वाढणार नव्हता. वय एकसष्ट. पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं तर एवढीच संधी.

"वीस मिनिटं, मॅम," तरुण मुख्याध्यापक वेदरबी म्हणाले. "आधी फळ्यावर धड्याचं उद्दिष्ट लिहा." मागच्या बाकावर पालकांची प्रतिनिधी म्हणून बाईंच्या ओळखीची शँट्रीस बसली होती.

तीच खोली, तोच उजेड. बाईंनी तारीख लिहिली, वळल्या, आणि पहिल्या रांगेतली मान खाली घातलेली मुलगी त्यांना दिसली. अनोळखी लेकराला काही शिकवण्याआधी त्याची माणसं विचारायची, ही या गावची रीत. बाईंना ती मोडता येईना.

"तू कुणाची गं, सोन्या?"

"मिस योलांडाची नात."

"बेकरीमागच्या योलांडाची? अगं, ती माझ्याच वर्गात होती! नुसती खिडकीबाहेर बघायची."

"अजूनही तेच करते!"

वर्ग खळखळून हसला. हात वर झाले. "मला विचारा! आता मला!" कुणाचा मामा ट्रॉम्बोन वाजवणारा, कुणाची मावशी खेकडे विकणारी. एकाला विचारलं आणि दुसऱ्याला वगळलं, असं कसं चालेल? एकोणीस लेकरं होती. सतराव्यापाशी वेदरबींच्या फोनवर वेळ संपल्याची घंटी वाजली.

फळ्यावर फक्त तारीख.

"ब्रेड कधी कापायचा?" कुणीतरी विचारलं.

"दोनच मिनिटं द्या, साहेब," बाई ब्रेडचा कागद सोडत म्हणाल्या. "सुरी आणलीय मी."

"बाहेर बाकीचे उमेदवार थांबलेत, मॅम."

शँट्रीस बाईंच्या मागून व्हरांड्यात धावत आली. "काय केलंत हो हे, मिस अर्नेस्टीन! घरची चौकशी उद्या करता आली नसती?"

"उद्या मला आत कोण घेणार होतं, बाळा?"

शुक्रवारी धुलाईघरात फोन आला. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. "पण शँट्रीसनं फार लावून धरलंय," वेदरबी म्हणाले. "घरोघरी जाऊन मुलांच्या माणसांना भेटेल असं कुणीतरी हवंय. परवाना लागत नाही त्याला."

"वर्ग मिळेल?"

"नाही, मॅम."

"कधीतरी? कुणी आजारी पडलं तर?"

"परवान्याशिवाय नाही देता येत."

यंत्रं घरघरत होती. "येते," बाई घाईनं म्हणाल्या, न जाणो त्यांनी तेही मागे घेतलं तर! फोन ठेवला आणि पुढची चादर उचलली.

"अर्धा," त्या घडी घालत म्हणाल्या. "एक चतुर्थांश. एक अष्टमांश."

"काय पुटपुटतेस गं?" शेजारची बाई ओरडली.

"थांब जरा. दोन मिनिटं राहिली होती माझी."