अकरा प्रस्तावना आणि एक जिवंत आई

"ताई, पुस्तकात आईला मारता येईल का? दोनच पानं लागतील."

मंगळवारी सकाळी सोपानराव माझ्यासमोर बसून हे विचारत होते. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हातात पेन ड्राइव्ह, आणि चेहरा असा की मी आधी पाण्याची बाटली पुढं केली. बुधवारी दुपारी बारापर्यंत फाइल छापखान्यात द्यायची होती. रविवारी प्रकाशन होतं.

"कोणाच्या आईला?"

"माझ्याच."

"त्या आहेत ना?"

"हाय की. सकाळीच फोन झाला. मेंढरं घेऊन निघाली होती."

मी औरंगपुऱ्यात पुस्तकांचं डीटीपी करते. म्हणजे लेखकाचा मजकूर टाइप करायचा, पानं लावायची आणि छापखान्याला तयार फाइल द्यायची. बावीस वर्षं झाली. पूर्वी प्रकाशक यायचे, आता जास्त करून स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणारे लेखक येतात. त्यांनी मला आजवर बरंच काही विचारलं आहे. मुखपृष्ठावर साडूचा फोटो घालता येईल का, हेही विचारलं आहे. पण हे नवीन होतं.

या लेखकांचा एक ग्रुप आहे. सोपानराव धरून बारा जण. मी त्यांची टर उडवते, पण खरं सांगायचं तर एकमेकांना इतकं धरून राहणारी माणसं मी या धंद्यात दुसरी पाहिली नाहीत. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे ओळख क्रमांक, काढायचा असला की जाधवभाऊ. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अर्ज भरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मुखपृष्ठ शेखभाई करून देतात. मजकूर तपासायला काकडे सर. ते निवृत्त मुख्याध्यापक, चितेगावला घरची शेती. सोपानराव वाळूजच्या कंपनीत फिटर, राहायला बजाजनगरात, घर मूळचं मेंढपाळाचं. काकडे सरांनी दोन वर्षं दर रविवारी समोर बसवून त्यांना लिहितं केलं. त्यातून हे पुस्तक झालं होतं, आईवरचं.

ग्रुपचा नियम एकच. कोणाचंही पुस्तक निघो, बाकीच्यांनी प्रस्तावनेचे चार शब्द लिहून द्यायचे. कोणाला वगळायचं नाही. वगळलेला माणूस रुसतो, आणि स्वतःच्या पुस्तकाच्या वेळी त्याचा वचपा काढतो. सोपानरावांना अकरा जणांनी चार शब्द दिले. चार शब्दांची सव्वीस पानं झाली.

पहिली प्रस्तावना काकडे सरांची होती. त्यात एक वाक्य होतं : 'आईच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना माझे डोळे पाणावले.' पुस्तकात असा प्रसंगच नव्हता. पण सरांनी प्रस्तावना ग्रुपवर टाकली, आणि पुस्तक वाचायला कोणाला सवड नसल्यामुळं पुढच्या दहा जणांनी ती प्रस्तावना वाचून प्रस्तावना लिहिली. दुसऱ्या प्रस्तावनेत मृत्यूच्या वेळी पाऊस पडत होता. चौथीत आईचं डोकं लेखकाच्या मांडीवर आलं. सहावीत तिचे शेवटचे शब्द होते. नवव्या गृहस्थांनी त्या शेवटच्या शब्दांवर दीड पान चिंतन केलं होतं.

मी सोपानरावांसमोरच काकडे सरांना फोन लावला.

"सर, सोपानरावांच्या आई जिवंत आहेत."

"नक्की?"

"आज सकाळी मेंढरं घेऊन गेल्यात."

"अहो, गारपिटीनंतर त्या अंथरुणाला खिळतात, तिथपर्यंत मी वाचलं होतं. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पुढचं राहिलं. पण आईवरचं पुस्तक आहे, ताई. अशा पुस्तकात आई जातेच. मी पस्तीस वर्षं वाचतोय."

"या उठल्या, सर. दीड महिन्यानं उठल्या."

"उत्तम झालं. पण मग पुस्तकाचा शेवट काय होतो?"

मी डोक्यावर बर्फ ठेवून विचारलं, "तुमचं वाक्य बदलू का?"

"माझं खुशाल बदला हो. पण दहा जणांनी माझ्यावर विसंबून लिहिलंय. त्यांना काय सांगणार तुम्ही?"

खरी मेख तीच होती. दहा जणांना फोन करून 'तुम्ही पुस्तक वाचलेलं नाही' असं कोण म्हणणार? मी म्हणायला तयार होते. सोपानराव तयार नव्हते.

"ह्या मानसांनी माझ्यासाठी लई केलं, ताई. त्यांना खोटं कसं पाडू? त्यापरीस मी माझंच पुस्तक दुरुस्त करतो."

दुरुस्ती त्यांनी आधीच केली होती. पेन ड्राइव्हमध्ये दोन पानांचं नवं प्रकरण होतं. पाऊस, मांडी, शेवटचे शब्द, सगळं प्रस्तावनांप्रमाणं बिनचूक. मरणाची वेळ तेवढी कोणत्याच प्रस्तावनेत नव्हती. म्हणून सोपानरावांनी ग्रुपवर मदत मागितली होती : आईच्या मृत्यूला कोणती वेळ शोभेल, पहाट की तिन्हीसांज? लगेच मतदान झालं. तो प्रसंग वाचून ज्यांनी डोळे पुसले होते, त्यांनीच मतं दिली. आधी कोणती वेळ लिहिली होती, असं एकानंही विचारलं नाही. तिन्हीसांज मोठ्या फरकानं निवडून आली.

इथं एक धंद्यातली गोष्ट सांगते. पुस्तकाचं पान एकेक करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं मिळून छापतात, मग घडी घालून कापतात. त्या सोळा पानांना फॉर्म म्हणतात. सोपानरावांचं पुस्तक बरोबर पाच फॉर्मचं, ऐंशी पानांचं. छापखाना लग्नपत्रिकांच्या कामात बुडालेला, त्यानं मोठ्या मिनतवारीनं पाच फॉर्म छापायला होकार दिला होता. सहावा मागायची सोय नव्हती. आणि प्रस्तावना सव्वीस पानांच्या. त्यामुळं ग्रुपच्या सल्ल्यानं पुस्तकातली चार प्रकरणं काढली होती. काढली म्हणजे मीच काढली, सोमवारी. पानं बरोबर बसली म्हणून चहाही घेतला होता. आता आईच्या मरणासाठी आणखी दोन पानं हवी होती.

"बघते," मी म्हटलं. "उद्या सकाळी या."

बुधवारी सकाळी दहाला ते आले ते आईला घेऊन. मागोमाग शेखभाई आले. झालं असं होतं की मुखपृष्ठावर आईचा हार घातलेला फोटो टाकायचा, असं शेखभाईंनी योजलं होतं. पण आईचा आधार कार्डाशिवाय फोटोच नव्हता. म्हणून हार घालायच्या फोटोसाठी सोपानरावांनी तिला फर्दापूरच्या बाजूच्या गावाहून पहिल्या एसटीनं बोलावून घेतलं होतं.

गयाबाई पंचाहत्तरीच्या असतील. काटक. खुर्ची नको म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

"अम्मा, थोडा इधर देखो," शेखभाई मोबाइल धरून म्हणाले. "हसो मत. हार मैं बाद में कंप्यूटर से डालूँगा."

"हार कशापायी?" गयाबाईंनी लेकाकडं बघितलं. लेक फरशी बघत होता.

मग मीच सांगितलं. असं आडून आडून बोलायचा मला कंटाळा आहे. म्हटलं, मावशी, पुस्तकात तुम्हाला मारलंय. तिन्हीसांजेला.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाय पसरले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वाच बरं."

मी वाचलं. पावसाचं वाचलं, मांडीवरच्या डोक्याचं वाचलं. शेवटचे शब्द मला मोठ्यानं वाचायला जड गेले, तरी वाचले. प्रस्तावनांतले डोळे पाणावल्याचे भागही वाचले. गयाबाई मन लावून ऐकत होत्या.

"चांगली गेले म्हनायची मी," त्या म्हणाल्या. "किती मानसं रडली म्हनली?"

"अकरा."

"शिकलेली?"

"सगळी."

त्यांना ते आवडलेलं दिसलं. मग म्हणाल्या, "आता भुरीचं वाच. लिहिलंय म्हनला व्हता सोपान."

सोपानराव खुर्चीतून उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. भुरीचं प्रकरण काढलेल्या चारांपैकी होतं. भुरी म्हणजे त्यांच्या कळपातली मेंढी.

"भुरीचं काढलं, आये," ते रस्त्याकडं तोंड करून म्हणाले. "पानं पुरंनात. ग्रुपमधले म्हनले, मेंढीवर सात पानं कोन वाचतं."

गयाबाई माझ्याकडं बघून सांगू लागल्या. गारपीट झाली त्या साली सोपान चार महिन्यांचा होता. भुरीचं कोकरू गारांत मेलं. त्या स्वतः तापानं अशा पडल्या की अंगावरचं दूध आटलं. दीड महिना सोपान भुरीच्या दुधावर राहिला. सासू त्याला कापसाच्या वातीनं पाजायची, आणि भुरी हलायची नाही.

"मला मारलं ते मारलं," त्या आता लेकाकडं वळून म्हणाल्या. "मी काय, आज ना उद्या जायाचीच हाय. पर भुरी नसती तर ह्ये लिहायला तूच नसता, बाबा. तिला का काढलं?"

मला फार लाज वाटली. ते प्रकरण मी टाइप केलं होतं, दोनदा तपासलं होतं, आणि सोमवारी माउसनं सिलेक्ट करून उडवलं होतं. हाताला काहीच जाणवलं नव्हतं.

सोपानराव दारातच होते. तिथून आत आले. डोळे लाल होते.

"ताई, भुरीला घ्या. ती चारी प्रकरणं घ्या."

"मग प्रस्तावना?"

"सगळ्या काढा. आईचं मरन बी काढा." मग पाणी प्यायले. "काकडे सरांना मी सांगतो."

त्यांनी उभ्यानंच फोन लावला. "सर" म्हटल्यावर पुढचं वाक्य त्यांना तीन वेळा सुरू करावं लागलं. पलीकडून सर काय म्हणाले ते नंतर कळलं : "बरं केलंस. मेंढीचं प्रकरण मला पाठव. आज वाचतो."

सोमवारच्या आधीची फाइल मी जपून ठेवली होती, ती उघडली. ऐंशी पानं जशीच्या तशी. पावणेबाराला छापखान्यात पोचली. शेखभाईंनी हाराचा नाद सोडून मुखपृष्ठावर माझ्या फरशीवर बसलेल्या गयाबाईंचा फोटो टाकला. मागं माझं कपाट अर्धवट दिसतं, पण फोटो झकास आहे.

राहिल्या प्रस्तावना. त्या फेकायच्या तर अकरा माणसं दुखावणार. त्याची तोड गयाबाईंनीच काढली. "छापा की येगळ्या. रडलेत बिचारे. वाया कशाला घालवता?" मग मी त्यांची सव्वीस पानांची पुस्तिका केली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून पिना मारून घेतली. रविवारी पुस्तकाआधी ती पुस्तिका संपली, कारण अकरा जणांनी आपापल्या पाहुण्यांसाठी गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. त्यात आई अकरा वेळा वारते. कोणाचीही तक्रार आलेली नाही.

प्रकाशन छान झालं. सभागृह भरलं होतं. गयाबाई पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. काकडे सरांनी माइकवर सरळ कबूल केलं की पुस्तक पुरतं न वाचता प्रस्तावना लिहिली, आणि आता वाचलं. मेंढीच्या प्रकरणातला एक उतारा त्यांनी वाचून दाखवला. मला सर त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडले.

सूत्रसंचालन जाधवभाऊंकडं होतं. कार्यक्रमपत्रिका त्यांनी आठवड्यापूर्वीच छापून घेतली होती, आणि तिच्याकडं कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. भाषणं संपली. भाऊंनी चष्मा लावला आणि वाचलं, "मुद्दा क्रमांक आठ. लेखकाच्या मातोश्रींना श्रद्धांजली. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

काकडे सरांनी त्यांची बाही ओढली. माइक चालूच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं.

"अहो जाधव, त्या समोर बसल्यात."

"दिसतंय मला, सर. पण छापील पत्रिका आहे. मार्गावरचा स्टॉप गाळता येत नाही."

पुढच्या रांगेतले उभे राहिले, तसे मागचेही उभे राहिले. सगळं सभागृह उठलं. सोपानराव स्टेजवर मान खाली घालून उभे. मी उठू की नको, या विचारात असताना शेजारी हालचाल झाली. गयाबाई उठल्या होत्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. दोन्ही मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या.

सगळे बसल्यावर मी हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही कशाला उठलात?"

"भुरीसाठी," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी आजवर कोन उभं राह्यलं व्हतं?"

आता पुस्तक आलं की मी दोन गोष्टी विचारते. प्रस्तावना लिहिणाऱ्यानं शेवटचं पान वाचलंय का? आणि पानं कमी पडली तर कोणाला काढायचं, हे ज्याच्यावर पुस्तक आहे त्याला विचारलंय का? पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबते.