कराडची सेमीफायनल मी बरोबरीत सोडवली

आधी हातातला चहा संपवा. मी सांगायला लागलो की ऐकणारा हसतो आणि चहा माझ्या सदऱ्यावर येतो, असा आजवरचा अनुभव आहे. माणूस गाढवपणा करतो तो निदान चार भिंतींच्या आत तरी करतो. मी तो भर मैदानात, शेकडो लोकांसमोर, तोंडात शिट्टी धरून केला. वर त्याबद्दल लोकांनी मला फेटाही बांधला.

साल नेमकं विचारू नका, सत्तरनंतरचं कुठलंतरी. मी कडेगावला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पण माझं नाव झालं होतं ते जत्रेतल्या कुस्त्यांचा पंच म्हणून. कारण काय, तर मी कुणालाच नाराज करत नसे. दोन पैलवान नुसतेच खडाखडी करत राहिले, कुणी कुणाला चीत करेना, की मी मध्ये शिरायचो, दोघांचे हात धरून वर करायचो आणि कुस्ती बरोबरीत सोडवली म्हणून जाहीर करायचो. हलगी कडाडायची, दोन्ही गावं खूश व्हायची आणि मी जेवायला मोकळा व्हायचो.

आमच्या भागातली निम्मी पोरं फौजेत. उन्हाळ्याच्या सुटीवर येताना ट्रंकेतून त्यांनी फुटबॉल आणला आणि दोन-तीन वर्षांत गावोगाव संघ झाले. साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी स्वतःच्या हौसेनं एक कप ठेवला. हरला तो घरी, जिंकला तो पुढं. दर रविवारी सामने. त्या वर्षी एका बाजूनं म्हसवडचा संघ फायनलला गेला आणि दुसऱ्या बाजूनं सेमीफायनलला समोरासमोर आले कडेगाव आणि पाटण.

नेमका तेव्हाच रेफ्री असलेला हवालदार सुटी संपून पलटणीत परत गेला. सुभेदारसाहेब थेट माझ्या शाळेत आले.

"मास्तर, रविवारी कराडला रेफ्री तुमी."

"साहेब, मला फुटबॉलातलं काय कळतं?"

"पंच हाय न्हवं तुमी? मग झालं. चेंडू हाताला लागला, शिट्टी. कुणी लाथ मारली, शिट्टी. टायम संपला, शिट्टी. बास."

एवढंच माझं शिक्षण. सामना बरोबरीत संपला तर काय करायचं, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

मी नाही म्हणायला हवं होतं, आणि त्याला कारणही मोठं होतं. आदल्याच आठवड्यात मी पाटणला मुलगी बघून आलो होतो. शालन तिचं नाव. पोह्यांची बशी पुढं करताना तिनं एकदाच वर बघितलं आणि मी बशी घ्यायचीच विसरलो. मला ती मनापासून आवडली होती. पण तिकडून निरोप आला नव्हता, "कळवतो" एवढंच तिचे वडील म्हणाले होते. आणि शालनचा थोरला भाऊ सर्जेराव, फौजेतला नाईक, हाच पाटणचा कप्तान!

म्हणजे बघा माझी अवस्था. पाटण हरलं तर सोयरीक गेली. कडेगाव हरलं तर मला शाळेत पाय ठेवायची सोय राहिली नाही. तरी मी गेलो, कारण सुभेदारसाहेबांना नाही म्हणायची छाती मला नव्हती.

कराडला ही गर्दी. शालनचे वडील, त्यांना आबा म्हणायचे, पुढच्याच रांगेत खुर्ची टाकून बसलेले. सुभेदारसाहेबांनी स्वतःचं खिशातलं घड्याळ माझ्या डाव्या हातात दिलं. सामना सुरू झाला. मी चेंडूकडं कमी आणि आबांच्या चेहऱ्याकडं जास्त बघत पळत होतो.

पाटणनं एक गोल केला, माझा जीव कडेगावसाठी खाली-वर. कडेगावनं फेडला, मग पाटणसाठी. वेळ संपली तेव्हा एक-एक. मला वाटलं, देव पावला. मी शिट्टी वाजवली, दोन्ही कप्तानांना मध्ये बोलावलं, दोघांचे हात धरून आभाळाकडं केले आणि घसा ताणून ओरडलो, "बरोबरीत सोडवलीऽऽ!"

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी अडवलं असेल. कोण अडवणार? सगळी माणसं कुस्तीच्या मैदानात वाढलेली. हलगी वाजली, गुलाल उडाला, दोन्ही गावांनी मिळून मला फेटा बांधला. सुभेदारसाहेब पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेलेले. ते परत आले तोवर मैदान रिकामं.

"कोण जितलं?" त्यांनी विचारलं.

"दोघंबी," मी ऐटीत सांगितलं. त्यांना ती माझी थट्टा वाटली आणि साताऱ्याची शेवटची एसटी गाठायला ते तसेच निघाले.

पुढच्या रविवारी सकाळी साताऱ्याच्या मैदानावर फायनलसाठी तीन ट्रक आले. एक म्हसवडचा, एक कडेगावचा आणि एक पाटणचा. तेहतीस खेळाडू बूट बांधून उभे. कप एक. प्रत्येक गावानं स्वतःची हलगी आणलेली, आणि तिन्ही एकदम वाजत होत्या.

सुभेदारसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"मास्तर, ही नॉकआउट हाय. नॉकआउट म्हंजी काय? एक ऱ्हातो, एक जातो. तुमी दोगंबी ठिवलं. आता काय दोन गावं मिळून बावीस जण खेळवायचं व्हय म्हसवडसंगं?"

मी म्हणालो, "चालत असंल तर..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि ते बरंच झालं. मग निकाल ठरला. कडेगाव आणि पाटण लगेच पुन्हा खेळतील. जिंकेल तो दुपारी म्हसवडशी खेळेल. आणि रेफ्री?

"घोळ तुमी घातला, निस्तरायचाबी तुमीच. पर ह्या बारीला एकच हात वर झाला पायजे."

खेळ सुरू व्हायच्या आधी सर्जेराव माझ्याजवळ आला. "मास्तर, आबा म्हणाले, आजचा सामना झाला की तुमच्या घरी निरोप द्यायचा." एवढंच बोलून तो जागेवर गेला. त्याला धमकी द्यायची नव्हती, पण मी ती धमकीच समजलो.

बराच वेळ एकही गोल होईना. मी मनात सिद्धनाथाला, कोयनेला, आठवेल त्याला हात जोडत होतो. शेवटी पाटणच्या गोलपुढं अशी काही रेटारेटी झाली, की आता एक गोल होणार आणि माझं लग्न मोडणार, हे मला दिसायला लागलं.

पुढचं आजवर फक्त बायकोला माहीत आहे. घड्याळात अजून तीन मिनिटं शिल्लक होती. मला धीर धरवला नाही. वेळ संपली असं दाखवून मी शिट्टी फुंकली आणि सवयीनं दोन्ही हात वर करायला निघालो. पुन्हा बरोबरीत सोडवणार होतो मी! उजवा हात पटकन पुढं उठला. डाव्यात घड्याळ होतं, ते घामानं निसटायला लागलं, म्हणून तो हात खालीच राहिला.

आणि बरोबर त्याच क्षणी चेंडू सर्जेरावच्या हाताला लागला होता. मी तो बघितलासुद्धा नव्हता.

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. शिट्टी वाजलेली, रेफ्रीचा एकच हात पाटणच्या गोलकडं. सर्जेरावनं दोन्ही कान पकडले. "लागला हाताला, मास्तर. चूक झाली."

पेनल्टी. कडेगावनं गोल मारला आणि पाटण बाद झालं.

दुपारी पायांत गोळे आलेल्या कडेगावला ताज्या दमाच्या म्हसवडनं पाच गोल मारले. कप माणदेशात गेला. कडेगावचे लोक मला सोडून ट्रक घेऊन गेले. पाटणचे आधीच माझ्याकडं पाठ करून बसलेले. इतकी वर्षं कुणाला दुखवायचं नाही म्हणून धडपडलो, आणि एका दिवसात दोन्ही गावं सारखीच दुखावली.

मी एसटीच्या थांब्याकडं एकटा निघालो. पाठीवर थाप पडली. मागं आबा.

"मास्तर, पोरगी दिली तुमाला."

"मला?" मी विचारलं.

"पोरगी मागाय आलेला माणूस पोरीच्या भावावर शिट्टी वाजीवतो, ती बी हजार लोकांत," आबा म्हणाले. "असा सरळ माणूस मला जावई म्हणून गावणार न्हाई."

सांगायला हवं होतं ना खरं? हवं होतं. मी मान खाली घालून त्यांच्या पाया पडलो.

लग्नानंतर वर्षभरानं शालनला सगळं सांगितलं. ती पोटभर हसली आणि मला वाटलं, मिटलं.

परवाचीच गोष्ट. आईचं म्हणणं आमटीत गूळ हवा, शालनचं म्हणणं नको. दोघींनी वेगवेगळी आमटी केली आणि दोन वाट्या माझ्यापुढं ठेवल्या. मी दोन्ही चाखल्या, दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "दोन्हीबी झकास."

"आवं, ही नॉकआउट हाय," शालन म्हणाली, आणि तिनं आमटीची पळी माझ्या डाव्या हातात दिली.