निळ्या टाकीचं घर

बंगळुरात बनशंकरीहून महादेवपुऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये तो बहुतेक रोज माझ्या शेजारी यायचा. पन्नाशीचा, इथलाच जुना मराठी माणूस. बसला की मोबाइल काढायचा आणि आपल्या गावाचे फोटो पुसत सुटायचा. धुक्यातलं तळं, चिंचेखालच्या म्हशी, ढगांतून तिरपं उतरलेलं ऊन. त्यातल्या विजेच्या तारा, खांब, टॉवर तो बोटानं घासून घासून नाहीसे करायचा. उरायचं ते थेट जुन्या तैलचित्रासारखं दिसायचं. तरी त्याचं समाधान होत नसे. पाय सारखा हलायचा, फोटो मोठा करून तो आणखी काहीतरी शोधायचा. बघून मलाच वैताग यायचा.

एकदा तळ्याकाठचं पत्र्याचं घर आणि त्यावरची निळी टाकी तो पुसायला लागला. मला राहवेना.

"घर असू द्या की. कुणाचं आहे?"

"आमचंच, अक्का. आई एकटीच असते तिथं. पण चित्रात स्वल्प खुपतंय."

घर गेलं. तिथं गवत उगवलं, अगदी खरं वाटावं असं. तो बघत राहिला. मग घाईघाईनं त्यानं घर परत आणलं, टाकीसकट. पुन्हा पुसलं. पुन्हा आणलं.

माझा स्टॉप आला. उतरून वळून पाहिलं, तर तो खिडकीशी सरकला होता, हातात मोबाइल नव्हता आणि त्याचं बोट खिडकीच्या काचेवर घासत होतं. काचेबाहेर उंच इमारती होत्या आणि त्यांच्यापुढे मी उभी होते.